९,६४० रुपयांसाठी गोठलेलं खातं : एका किराणा दुकानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडपासून शंभर पावलांवर अण्णांचं किराणा दुकान आहे. पुढे किरकोळ विक्री, मागच्या गोदामातून अर्धघाऊक. आसपासच्या वाड्यांतले पंधरा-वीस छोटे दुकानदार साखर, तेल, डाळी अण्णांकडून नेतात. मी व्हॅटच्या काळापासून त्यांचं कराचं काम बघतो, त्यामुळे हे प्रकरण पहिल्या फोनपासून माझ्यासमोर घडलं. गाव, बँक, माणसं यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

अण्णा रोखीला चिकटून बसलेले जुन्या वळणाचे दुकानदार नाहीत, हे आधीच सांगायला हवं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री चलनातल्या मूल्यापैकी ८६ टक्के नोटा बाद झाल्या, तेव्हा त्यांनी पंधरा दिवस उधारीच्या वहीवर दुकान चालवलं होतं. त्यानंतर महिन्याभरात ठाणे जिल्ह्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. ती बातमी त्यांनी कापून गल्ल्याच्या काचेखाली ठेवली. पुढच्या वर्षी स्वाइप मशीन घेतलं, मग क्यूआर आला. गावात त्याला सगळे 'स्कॅनर' म्हणतात. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याला शुल्क राहिलं नाही, त्यात कोरोना आला, आणि २०२४ पर्यंत दहातली सात गिऱ्हाइकं स्कॅन करू लागली. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, खोटी नोट गळ्यात पडायची भीती गेली, रात्री नोटा मोजत बसणं गेलं. अण्णा हे सगळ्यांना सांगायचे. मीही सांगायचो, आणि आजही सांगतो.

दुकानाचं एकच चालू खातं होतं, एका सरकारी बँकेत. स्कॅनरचे पैसे त्यातच येत, व्यापाऱ्यांचे चेक त्यातूनच जात, घरखर्चही त्यातूनच निघे. या वाक्याकडे पुन्हा यावं लागणार आहे.

काय घडलं

शनिवार, ५ ऑक्टोबर २०२४. नवरात्राचे दिवस, संध्याकाळची गर्दी. पंचविशीचा एक मुलगा आला. गावातला नव्हता, पण बोलणं नीट होतं. बिस्किटं, साबण, तेलाची पिशवी असा ६४० रुपयांचा माल घेतला आणि म्हणाला, "काका, आईला दवाखान्यात ॲडमिट केलंय. एटीएममध्ये पैसे नाहीत. वरचे नऊ हजार ऑनलाइन टाकतो, रोख द्याल का?"

स्टँडजवळच्या दुकानात हे रोजचं आहे. एटीएम रिकामं असलं की लोक दुकानदाराकडे येतात, आणि सणासुदीला गल्ल्यात रोख साठली की दुकानदारालाही ती खात्यात गेलेली हवी असते. मुलाने ९,६४० रुपये पाठवले, साउंडबॉक्स बोलला, अण्णांनी नऊ हजार मोजून दिले.

बारा दिवसांनी, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, १७ ऑक्टोबरला अण्णांनी तेलाच्या व्यापाऱ्याला पैसे पाठवायला घेतले. सप्टेंबरच्या मध्यात केंद्राने खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं होतं, डबा रोज चढत होता आणि दिवाळीचे साठ डबे आजच्या भावात बांधून घ्यायचे होते. पैसे जाईनात. दोनदा, तीनदा. थोरला मुलगा बँकेत गेला तेव्हा कळलं की खातं 'डेबिट फ्रीझ' आहे. दुसऱ्या एका राज्यातल्या सायबर पोलिसांकडून निरोप आलाय, एवढंच शाखेत सांगितलं. खात्यात ४ लाख १२ हजार होते. वादातली रक्कम ९,६४०.

डेबिट फ्रीझ म्हणजे पैसे आत येतात, बाहेर जात नाहीत. पोरगा बँकेत बसला होता तेव्हा दुकानात लोक स्कॅन करतच होते, आणि साउंडबॉक्स प्रत्येक वेळी 'प्राप्त झाले' म्हणत होता. दुपारी दोनला अण्णांच्या लक्षात आलं आणि त्यांनी स्कॅनरवर वर्तमानपत्राचा कागद चिकटवला. तोवर आणखी ३१ हजार त्या कुलपात जाऊन पडले होते.

अडचण नेमकी कोणती होती

पहिल्या दिवशी सगळे एकच विचारत होते, "अण्णांनी काय केलं?" त्यांनी काहीच केलं नव्हतं. मागची साखळी पुढे तपास अधिकाऱ्याकडून कळली, ती इथेच सांगतो.

त्या राज्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेला फोनवरून फसवून तिच्याकडून मोठी रक्कम काढून घेतली होती. तिने १९३० वर तक्रार केली. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे. तिथे तक्रार नोंदली की तिचा क्रमांक तयार होतो आणि पैसा ज्या ज्या बँकेत गेला त्या त्या बँकेला निरोप जातो. पैसे पहिल्या भाड्याच्या खात्यात, म्हणजे चोरांनी दुसऱ्या कुणाचं वापरायला घेतलेल्या खात्यात, तिथून तीन-चार खात्यांत, तिथून आणखी पुढे. पैसा काही तासांत फुटतो, म्हणून ही यंत्रणा आधी थांबवते आणि मग विचारते. अण्णांचं खातं त्या साखळीत चौथ्या पायरीवर होतं. त्या मुलाने अण्णांच्या गल्ल्याचा एटीएम केला होता.

चोराने चोरीच्या नोटा देऊन अण्णांकडून साखर नेली असती, तर अण्णांपर्यंत कुणी आलं नसतं. नोट हातोहात जाते आणि सचोटीने घेणाऱ्याकडे राहते, हा चलनाचा फार जुना नियम आहे. खात्यातला पैसा मात्र आपण कुठून आलो ते बरोबर घेऊन फिरतो. त्यामुळेच त्या शिक्षिकेला पैसे परत मिळण्याची आशा होती. रोखीत तीही नसती. आणि त्याच कारणाने अण्णा अडकले. डिजिटल व्यवहार सुरक्षित आहेत का, असं लोक विचारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त चोर असतो. खात्यातून पैसे चोरीला जाण्याचा धोका अण्णा ओळखून होते. त्यांनी कुणाला ओटीपी दिला नव्हता, कुठली लिंक दाबली नव्हती. प्रामाणिकपणे पैसे *घेण्यात* धोका आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

तेव्हाच्या नियमांतही ही फट होती. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे तुमच्या परवानगीशिवाय, तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नसे. उत्तम नियम होता. पण त्या शिक्षिकेने फसून का होईना, स्वतःच्या हाताने पैसे पाठवले होते. तिला तो पुरत नव्हता. अण्णांच्या खात्यातून तर काही गेलंच नव्हतं. त्यांना तो लागूच होत नव्हता.

२०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत लोकांचे २२,८४५ कोटी रुपये गेल्याचं सरकारने लोकसभेत सांगितलं. आदल्या वर्षीचा आकडा ७,४६५ कोटी होता. यूपीआयवरच वर्षाला दोनशे लाख कोटींच्या वर उलाढाल होते, त्यापुढे ही रक्कम किरकोळ दिसते. मात्र इतक्या लोकांची चोरी झाली, तर त्या पैशाच्या वाटेवर किती दुकानं, रिक्षावाले, चहाच्या टपऱ्या आल्या असतील, ते या आकड्यात कुठेच दिसत नाही.

समोरचे पर्याय

१७ तारखेला रात्री दुकानाच्या माडीवर आम्ही पाच जण बसलो होतो. दिवाळी अकरा दिवसांवर. साखरेच्या व्यापाऱ्याला दिलेले दोन चेक, ८६,४०० आणि ५२,०००, त्याच आठवड्यात वटायला यायचे होते.

पहिला विचार उच्च न्यायालयाचा. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अशाच प्रकरणांत म्हटलं होतं की गोठवणूक वादातल्या रकमेपुरतीच असावी, संपूर्ण खात्याची नको. ओळखीच्या वकिलांनीही तोच मार्ग सुचवला. पण याचिका, तारखा, खर्च, आणि तेही ९,६४० रुपयांसाठी. अण्णांनी मान हलवली.

दुसरा, त्या राज्यातल्या दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलीस संशयित मालमत्ता जप्त करू शकतात आणि तसं त्यांनी दंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. कलम ५०३ खाली ती परत मागता येते. कायदेशीरदृष्ट्या सगळ्यात सरळ मार्ग हाच. पण त्यासाठी परक्या राज्यात, परक्या भाषेत वकील हवा.

तिसरा, बँकिंग लोकपाल. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर तिथे जाता येतं. पण २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत, तपास यंत्रणेच्या आदेशावरून बँकेने केलेली कृती वगळलेली होती. हा मार्ग मी स्वतःच खोडला.

चौथा, थेट तपास अधिकाऱ्याला लिहायचं आणि कागदांनी पटवायचं.

पाचवा थोरल्याने मांडला, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती, तो घाबरला होता. "सगळ्याच ९,६४० चं विक्रीचं बिल करू. माल नेला म्हणायचं. रोख दिली हे सांगायचंच कशाला?"

त्यावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता. मालाची विक्री दाखवली तर अण्णा निव्वळ दुकानदार ठरतात. रोख दिली म्हटलं की चोरीचा पैसा त्यांच्या हातून रोखीत बदलला, असा अर्थ निघू शकतो. खरं बोलणं महागात पडण्याची शक्यता होती. मी खोट्या बिलाला नकार दिला. एक तर ते जीएसटी कायद्याखाली गुन्हा आहे. दुसरं, दुकानात कॅमेरा आहे आणि त्यात नोटा मोजताना अण्णा दिसणार. काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, कोपऱ्यातून म्हणाल्या, "दिलेत ना पैसे? मग दिले म्हणा." प्रश्न तिथे मिटला.

आणि कॅमेऱ्यावरूनच एक गोष्ट लक्षात आली, ज्याने माझ्या पोटात गोळा आला. दुकानाचं रेकॉर्डिंग पंधरा दिवसच टिकतं, त्यावर पुन्हा नवं चढतं. ५ तारखेचं दृश्य पुसायला तीन दिवस उरले होते.

काय केलं

१८ ला सकाळी बँकेत लेखी अर्ज दिला: कुणाच्या आदेशावरून, कुठल्या तक्रार क्रमांकाखाली, किती रकमेसाठी खातं थांबवलंय, ते लेखी द्या. व्यवस्थापक आधी "वरून आलंय, आमच्या हातात काही नाही" यावरच होते. पोच घेतल्याशिवाय आम्ही उठलो नाही. सोमवारी, २१ ला, तक्रार क्रमांक आणि सायबर ठाण्याचा ईमेल हातात आला. वादातली रक्कम तेवढी 'लीन' म्हणून बाजूला ठेवा आणि बाकी खातं मोकळं करा, अशी विनंतीही अर्जात होती. त्यावर उत्तर आलं नाही.

१९ ला दृश्य पेनड्राइव्हवर उतरवलं. मुलगा स्पष्ट दिसतो. नोटा मोजणारे अण्णाही.

२२ ला तपास अधिकाऱ्याला हिंदी आणि इंग्रजीत पत्र पाठवलं, ईमेलने आणि स्पीड पोस्टनेही. सोबत वर्षभराचा खातेउतारा, जीएसटी आणि 'उद्यम' ही लघुउद्योगांची नोंदणी, त्या दिवसाचं ६४० रुपयांचं बिल, दृश्य, आणि काय घडलं ते जसंच्या तसं सांगणारं प्रतिज्ञापत्र. पत्रात एकच मागणी होती: वादातली रक्कम तुमच्याकडे राहू द्या, बाकीचं खातं सोडा.

या काळात दोन चुका झाल्या, एक होता होता वाचली.

झालेली चूक अशी: १८ तारखेला, मी बँकेत असताना, थोरल्याने काकूंच्या बचत खात्याचा स्कॅनर काउंटरवर लावला. धंदा अडला होता, त्याचं सुचणं साहजिक होतं. पण त्या खात्यात असाच एखादा पैसा आला असता तर घराचं शेवटचं खातंही गेलं असतं. मला २० ला कळलं आणि त्याच तासाला तो काढला. दुसरी चूक माझी. चेक वटण्याआधी मी साखरेच्या व्यापाऱ्याला फोन करायला हवा होता. केला नाही, बँकेच्या धावपळीत राहिला. दोन्ही चेक परत आले आणि वीस वर्षं व्यवहार असलेला माणूस, पहिल्यांदाच, "आता रोकडा व्यवहार करू" म्हणाला. पुढे त्याने समजून घेतलं, पण अण्णांना तो शब्द लागला.

वाचलेली चूक २३ तारखेची. थोरल्याला व्हॉट्सॲपवर फोन आला. फोटोत पोलिसाचा गणवेश, बोलणं हिंदीत, तक्रारीची माहिती बरोबर. पंधरा हजारांत खातं आज संध्याकाळी उघडेल, क्यूआर पाठवतो. ती माहिती त्याच्याकडे कुठून आली, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. थोरला पैसे पाठवायच्या बेतात होता. अण्णांनी फोन घेतला आणि विचारलं, "सरकारी कामाची पावती मिळंल न्हवं?" फोन कटला. गोठलेल्या खात्याचा माणूस हा दुसऱ्या फसवणुकीचं सोपं सावज असतो, ही गोष्ट आता मी प्रत्येक व्यापाऱ्याला सांगतो.

दिवाळी कशी निघाली

या भागावर मी मुद्दाम थांबतो, कारण कॅशलेसची खरी परीक्षा मला इथे दिसली.

अण्णांकडे गल्ल्यात ६१ हजार होते. काकूंची भिशी त्याच महिन्यात लागली होती. आणि शेजारच्या मोठ्या गावातल्या पतसंस्थेत त्यांची रोजची पाचशेची पिग्मी होती, दोन वर्षांची. थोरला पिग्मीला नेहमी नावं ठेवायचा: व्याज कमी, रोज एजंट दारात. त्याच पिग्मीवर २४ ऑक्टोबरला १ लाख ८० हजारांचं कर्ज दोन तासांत मिळालं, कारण पतसंस्थेचा व्यवस्थापक अण्णांना ओळखत होता.

मिळालं ते रोख. ती नेणंही सोपं नव्हतं. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरपासून लागली होती. पन्नास हजारांपेक्षा जास्त रोख असली की कागद दाखवावे लागत होते. थोरल्याला तपासणी नाक्यावर थांबवलं, कर्जाचं पत्र, पिग्मीचं पुस्तक सगळं बघितलं, दोन तासांनी सोडलं. अधिकारी त्यांचं काम करत होते. ती रोख व्यापाऱ्याला तशीच देऊनही चालणार नव्हतं. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४०अ(३) प्रमाणे एका दिवसात एका माणसाला दहा हजारांवर रोख दिली तर तो खर्च कराच्या हिशेबात धरला जात नसे. म्हणजे रोखीने धंदा कर म्हणायचं तर कायदा आडवा येतो, आणि कायद्याने सांगितलेला मार्ग कुलूपबंद. छोट्या व्यापाऱ्याला यात निवड नसते, हे लोकांना कळत नाही.

शेवटी एका नागरी सहकारी बँकेत नवं चालू खातं काढलं. केवायसी २४ ला पूर्ण झालं, २५ ला पिग्मीची रोख तिथे भरली, तिथून तेल-साखरेला एनईएफटी गेलं आणि नवा स्कॅनर लागला. वसुबारस २८ ला होती. मधले आठ दिवस काउंटरवरची विक्री निम्म्यावर आली होती. खिशात पन्नासची नोट नाही अशी तरुण मुलं स्कॅनरवरचा कागद बघून पुढच्या दुकानात जात होती.

अण्णांकडे पिग्मी, भिशी आणि गल्ला नसता, आणि कॅशलेसच्या व्याख्यानात सांगतात तसं त्यांचं सगळं काही एका खात्यात असतं, तर १७ ऑक्टोबरला दुपारी घरात दूध आणायला पैसे राहिले नसते. देश रोखीशिवाय चालवायचा म्हणणाऱ्यांनी आधी या दुपारचं उत्तर द्यायला हवं. रोजच्या वापरासाठी यूपीआय पुरेसं सुरक्षित आहे, हे माझं मत अजून तेच आहे. मात्र बाकीचे सगळे मार्ग काढून टाकण्याइतकं ते सुरक्षित झालेलं नाही, आणि त्याला कारण तंत्रज्ञान नाही. पैसा एका सेकंदात येतो, शंका एका मिनिटात येते, आणि ती शंका फेडायला चाळीस दिवस लागतात.

शेवट काय झाला

दिवाळीनंतर, ७ नोव्हेंबरला, तपास अधिकाऱ्यांशी पहिल्यांदा फोनवर बोलणं झालं. सौजन्याने बोलले. त्यांच्या टेबलावर अशा शेकडो पत्रांचा ढीग होता. त्यांनी दृश्य पुन्हा मागवलं, मुलगा कुठल्या बाजूने आला, गाडी होती का, ते विचारलं. नोटा देण्याबद्दल म्हणाले, "हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत म्हणून मी तुमचा कागद वर घेतला. सगळे माल विकला असंच लिहितात."

१९ नोव्हेंबरला त्यांचा ईमेल बँकेला गेला. बँकेच्या मुख्यालयातून शाखेपर्यंत यायला आठवडा लागला. २६ नोव्हेंबरला, चाळिसाव्या दिवशी, खातं उघडलं आणि ९,६४० रुपयांवर लीन राहिला.

मी खर्चाचा हिशेब केला. लीन ९,६४०. दोन चेक परतल्याचे १,१८०. पिग्मीवरच्या कर्जाचं व्याज २,६६०. उशिरा घेतलेल्या साठ डब्यांमागे ९० रुपये जास्त, म्हणजे ५,४००. एकूण १८,८८०. गेलेली विक्री आणि चाळीस रात्रींची झोप यात नाही.

पुढच्या वर्षी लोकअदालतीतून ते ९,६४० रुपये त्या शिक्षिकेला देण्याचा आदेश झाला. अण्णांना हरकत घेता आली असती. त्यांनी सचोटीने माल आणि रोख दिली होती, आणि मला त्यांची बाजू भक्कम वाटत होती. मी तसं म्हणालोही. ते म्हणाले, "त्या बाईंचं किती गेलं?" मी सांगितलं. "आणि मिळालं किती?" फारच थोडं. "मग राहू द्या. त्यांचेच होते ते." त्यांचा निर्णय मला मान्य आहे, पण चोरीची भरपाई एका किराणा दुकानदाराने करावी ही व्यवस्था मला मान्य नाही.

काय वेगळं करता आलं असतं

अण्णांच्या बाजूने सगळ्यात मोठी चूक ५ ऑक्टोबरची नव्हतीच. दुकानाचा सगळा पैसा एका खात्यात ठेवण्याची होती. आता स्कॅनरचे पैसे वेगळ्या खात्यात येतात आणि रोज रात्री हिशेब लावून मुख्य खात्यात जातात. स्कॅनरचं खातं उद्या थांबलं तरी एका दिवसाची विक्री अडकेल, चेक परत जाणार नाहीत. हे मी स्कॅनर आला तेव्हाच सुचवायला हवं होतं. त्यात खर्च काहीच नव्हता. कळल्या क्षणी स्कॅनर झाकला असता तर ३१ हजार वाचले असते. दृश्य पहिल्या दिवशीच उतरवायला हवं होतं, आमचं ते नशिबाने वाचलं.

बँकेच्या बाजूने: खातं नेमकं कधी थांबवलं, ते आम्हाला आजही माहीत नाही. एक एसएमएस आला असता, तर चेक देण्याआधी कळलं असतं. आणि ९,६४० चा लीन पहिल्याच दिवशी लावता आला असता, यंत्रणेत ती सोय आहे. संपूर्ण खातं थांबवणं बँकेला सोपं पडतं, कारण त्यात तिची जबाबदारी संपते.

पोलिसांच्या बाजूने मी कमी बोलतो. पैसा थांबवायचा तर तासाभरात थांबवावा लागतो, हे खरं आहे. पण साखळीच्या पहिल्या पायरीवरचं भाड्याचं खातं आणि चौथ्या पायरीवरचं जीएसटी नोंदणीचं दुकान यांना एकच वागणूक मिळू नये. आणि थांबवताना जेवढी घाई, त्याच्या अर्धी तरी सोडवताना असावी.

काउंटरवर आता पाटी आहे: 'ऑनलाइन घेऊन रोख मिळणार नाही.' लिहिताना अण्णांना जड गेलं. स्टँडजवळच्या दुकानाने अडीनडीला रोख देणं ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत होती.

परवा जूनमध्ये मी तिथे असताना वाडीवरची एक बाई आली. नवऱ्याला सर्पदंश झालेला, जीपवाल्याला द्यायला तीन हजार रोख हवेत, एटीएम बंद, मोबाईल हातात. अण्णांनी पाटीकडे बघितलं. मग गल्ला उघडला, तीन हजार मोजले आणि उधारीच्या वहीत तिचं नाव घातलं. ती मोबाईल पुढे करत होती. "ते ठेव आत," अण्णा म्हणाले. "बाजारच्या दिवशी रोख आणून दे."